घड्याळाचा ब्लॉक

सांगली, गावभाग

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, तुमचं मासिक बंद का पडलं?" मी नेहमीचं उत्तर दिलं. पोखरणनंतर लोकांना बॉम्बचा अभिमान वाटायला लागला, मग आमचं कोण वाचणार! फोन ठेवल्यावर तुझी आई म्हणाली, "पोरीला खोटं कशाला सांगता? अठ्ठ्याण्णव साली मासिक होतंच कुठं?" म्हणून हे पत्र.

अण्वस्त्रांविरुद्धच्या त्या मासिकाचा पहिला अंक आम्ही काढला 1984 साली. युरोपात अमेरिकेची पर्शिंग-2 आणि रशियाची एसएस-20 ही अण्वस्त्रं वाहणारी क्षेपणास्त्रं समोरासमोर उभी होती. त्याआधी 12 जून 1982 ला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सुमारे दहा लाख माणसं अण्वस्त्रांविरुद्ध जमली होती. त्याच वर्षी तिथून निघालेलं 'न्यूक्लियर टाइम्स' हे नियतकालिक आमच्यापर्यंत चार हातांतून फिरून, शिळं होऊन यायचं. दोन्ही देशांनी आहे तिथं थांबावं, नवी चाचणी नको, नवं उत्पादन नको, एवढीच तिथल्या 'फ्रीझ' (म्हणजे 'गोठवा') चळवळीची मागणी. मला ती भाजीवाल्यालाही समजावता येईल अशी वाटली. (समजावून पाहिली. तो म्हणाला, "मास्तर, कोथिंबीर घेताय का?")

गणपती पेठेत ट्रेडल छपाईयंत्रावर छापायचो. अक्षरांचे खिळे जुळवणारा कंपोझिटर गुणी होता, पण 'क्षेपणास्त्र' शब्दाला वैतागलेला. त्याच्या केसमध्ये 'क्ष'चे खिळे मोजके, आणि आमच्या एका पानावर क्षेपणास्त्रं वीस. खिळे संपले की हाक मारायचा, "सर, दुसरा शब्द द्या." म्हणून आमच्या अंकात वरच्या अर्ध्या पानात 'क्षेपणास्त्र' आणि खालच्या अर्ध्यात 'मिसाईल' असायचं. एका वाचकाने पत्र लिहून दोन्हींतला फरक विचारला होता.

मुखपृष्ठावर घड्याळ. अमेरिकेतले अणुशास्त्रज्ञ त्यांच्या 'बुलेटिन'वर 1947 पासून असं घड्याळ दाखवायचे, काटा बाराच्या जितका जवळ तितका विनाश जवळ. 1984 ला बाराला तीन मिनिटं कमी होती. तेवढाच ब्लॉक, म्हणजे चित्राचा छपाईचा ठसा, आम्ही करून घेतला. वर्गणी वर्षाला दहा रुपये, आणि भरात असताना वर्गणीदार तीनशे चाळीस. तुझी आई खळ करून पत्त्याच्या पट्ट्या चिकटवायची, मी गठ्ठा सायकलला बांधून बुक पोस्टाने टाकायचो.

मग 8 डिसेंबर 1987 ला अमेरिकेचे रेगन आणि रशियाचे गोर्बाचेव्ह यांनी अशी क्षेपणास्त्रं मोडून टाकण्याच्या करारावर सह्या केल्या. 1991 पर्यंत दोघांनी मिळून 2,692 क्षेपणास्त्रं मोडली. आम्ही विशेषांक काढला, पेढे वाटले. त्यानंतर वर्गणीला गेलो तर हळदीचे एक व्यापारी म्हणाले, "तह झाला की आता! आता काय छापणार?" मला राग आला, उत्तर मात्र सुचलं नाही. अमेरिकेत तर फ्रीझची लाट रेगन दुसऱ्यांदा निवडून आले तेव्हापासूनच ओसरत गेली होती, आणि ती संघटनाही 1987 साली दुसऱ्या संघटनेत विलीन झाली.

खरी लाजिरवाणी गोष्ट पुढं आहे. 1988 ला बुलेटिनचा काटा सहा मिनिटांवर गेला, 1990 ला दहावर, 1991 ला सतरावर. आमच्या मुखपृष्ठावर तीनच! नवा ब्लॉक परवडत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो. परवडला असता गं. पण सतरा मिनिटं दाखवणारा अंक कोण विकत घेईल, हे मला कळत होतं. भीती कमी झालेली मलाच नको होती. भारत-पाकिस्तानवर लिहायला हवं होतं, आपल्याच दारात काय शिजतंय ते शोधायला हवं होतं. गुजरातेत वेडछीला सुरेंद्र गाडेकर 1987 पासून 'अणुमुक्ती' काढत होते, ते भारतातल्या अणुभट्ट्यांच्या मागे लागले होते. मी मात्र युरोपची क्षेपणास्त्रं मोजत बसलो, कारण ती छापून तयार मिळायची.

1991 च्या शेवटच्या अंकाची प्रूफं तपासून झाली होती. प्रेसचं देणं राहिलं होतं, अंक निघाला नाही. एक्केचाळीस जणांची वर्षाची वर्गणी माझ्याकडे जमा होती. ती मी परत केली नाही. पुढं बघू म्हणत राहिलो.

मे 1998 मध्ये 11 आणि 13 तारखेला पोखरणला स्फोट झाले, मारुती चौकात साखर वाटली. 28 ला पाकिस्तानने चगाईत केले. त्याच आठवड्यात त्या एक्केचाळीसांतले एक म्हातारे मिरजेहून बसने आले. वर्गणीचं नाव काढलं नाही. म्हणाले, "सर, आता तरी अंक काढा." मी शाळेच्या प्रवेशांची गडबड सांगितली. चहा न घेता गेले.

वर्गणीदारांची वही 2019 च्या पुरात भिजली, पण शाई टिकली आहे. भडंगाच्या डब्याबरोबर पाठवतोय. लाल खुणेची नावं तीच एक्केचाळीस. काहींची मुलं पुण्यात तुझ्याच बाजूला राहतात, जमलं तर विचार. मधली चार पानं चिकटलीत, ओढून काढू नकोस, कुकरच्या वाफेवर धर. आई म्हणते, डबा परत पाठव.

तुझा,
बाबा