पाणबुड्यांचे आकडे आणि आमची टोपोशीट

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला ध्रुवीय संशोधनावरचा लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. लेखकाने शास्त्रज्ञ एका बाजूला आणि लष्कर दुसऱ्या बाजूला असे सरळ दोन गट पाडलेत. लष्कराला ध्रुवावर पायच ठेवू देऊ नका, असं त्यांचं म्हणणं. अहो, १९५९ च्या अंटार्क्टिक करारात लष्करी तळ आणि युद्धसराव यांना बंदी आहे, पण संशोधनासाठी सैनिक आणि त्यांची सामग्री न्यायला परवानगी आहे. अंटार्क्टिकावरचं आपलं पहिलं संशोधन केंद्र, दक्षिण गंगोत्री, उभारण्यात लष्कराच्या इंजिनिअर लोकांचा मोठा वाटा होता, हे लेखात एका ओळीत तरी यायला हवं होतं.

आर्क्टिकचा बर्फ पातळ होतोय हे जगाला कळलं त्यात अमेरिकेच्या अणुपाणबुड्यांचा हात किती मोठा आहे! वर यायला बर्फात फट कुठे आहे ते बघायला त्या सोनार यंत्राने वरच्या दिशेने आवाजाच्या लहरी सोडायच्या, परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून बर्फ पाण्याखाली किती खोल आहे ते आपोआप नोंदलं जायचं. १९५८ ते ७६ च्या नोंदी आणि नव्वदच्या दशकात शास्त्रज्ञांना बरोबर घेऊन केलेल्या फेऱ्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या तेव्हा ही खोली सरासरी ३.१ मीटरवरून १.८ वर आलेली दिसली, हे १९९९ साली छापून आलं. म्हणजे मोजमाप झालं होतं, पण पाणबुडी कुठून गेली ते कळू नये म्हणून त्यातलं कितीतरी वर्षानुवर्षं कुलुपात होतं. माझा राग त्या कुलुपावर आहे, लष्करावर नाही.

कारण हे मी भोगलंय. एमएस्सीला जिओफिजिक्स घेतलं होतं, प्रोजेक्ट कोकण किनाऱ्यावरचा, टोपोशीट, म्हणजे चढउतार दाखवणारा सरकारी तपशीलवार नकाशा, मागायला गेलो तर किनारपट्टीची शीट रिस्ट्रिक्टेड आहे, पत्र आणा, मग त्या पत्रावर आणखी एक पत्र आणा, आणि शेवटी नाहीच मिळाली. प्रोजेक्टचा भाग बदलून देशावर नेला, आणि किनाऱ्यावरची सगळी वाचलेली तयारी वाया गेली. काही वर्षांनी तोच किनारा कुणालाही कॉम्प्युटरवर सॅटेलाइटमधून दिसायला लागला! सुरक्षा नक्की कुणाची झाली? २०२१ साली नकाशांचे नियम सैल केले ते चांगलंच झालं, पण आमच्या वेळच्या पोरांचं काय.

ग्रीनलंडच्या कॅम्प सेंच्युरीचा, म्हणजे अमेरिकन लष्कराच्या बर्फाखालच्या तळाचा, उल्लेख लेखात आहे, पण अर्धाच. बर्फाखाली क्षेपणास्त्रं लपवायचा बेत अमेरिकेने, ग्रीनलंड ज्याच्या ताब्यात त्या डेन्मार्कपासूनच लपवला, हे वाईटच, आणि डिझेल आणि अणुभट्टीचं किरणोत्सारी पाणी तिथेच सोडून गेले ते त्याहून वाईट. पण त्याच तळावर १९६६ मध्ये सुमारे १३९० मीटर खोल, थेट बर्फाच्या बुडापर्यंत भोक पाडून बर्फाचा गाभा, म्हणजे लांब दांड्यासारखा नमुना, काढला, आणि त्याच्या बुडाच्या गोठलेल्या मातीत नंतर वनस्पतींचे अवशेष सापडले. साधारण चार लाख वर्षांपूर्वी तिथे बर्फ नव्हता, हे त्यावरून समजलं. हे सांगितलं नाही तर वाचकाला काय कळणार?

जाता जाता, विज्ञानाच्या पानावर आता अर्ध्याहून जास्त जागा क्लासच्या जाहिरातींना असते. लेख कापून छापता म्हणूनच असं अर्धवट येतं, असं मला वाटतं. कृपया पूर्ण पान द्या, आणि लेखकाने भारताच्या ध्रुवीय मोहिमांचे कोणते आकडे लोकांसाठी खुले आहेत आणि कोणते नाहीत, ते शोधून पुढचा लेख लिहावा.

आपला,
एक नियमित वाचक, अलिबाग