गुरुजी-बाईंना वर्गात राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी शाळांची पटसंख्या घटतेय, अमुक गावची शाळा बंद होणार, अशा बातम्या आपल्या अंकात वरचेवर येतात आणि त्यावर हिरिरीने चर्चाही होते. पण ज्या शाळा चालू आहेत तिथल्या गुरुजी-बाईंचा दिवस कसा जातो, यावर फारसे कोणी बोलत नाही. मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या जांबोटी भागातली एक पालक आहे. शाळा सुधारणा समितीवरही आहे, त्यामुळे शाळेत येणे-जाणे असते. तिथे जे दिसते ते लिहिते.

आमच्याकडच्या बहुतेक कनिष्ठ प्राथमिक शाळा दोन शिक्षकी आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबाने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. कागदावर हे बरोबर दिसते, पण वर्ग पाच असतात. पहिली ते तिसरी 'नलीकली' या खेळत-शिकण्याच्या पद्धतीत एकत्र बसतात, चौथी-पाचवी दुसऱ्या खोलीत. दोघांपैकी एक जण बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा आजारपणाच्या रजेवर गेला की पाचही वर्ग एकाच्या गळ्यात पडतात. त्यात एक जागा रिकामी असेल तर अतिथी, म्हणजे मानधनावरचा तात्पुरता, शिक्षक येईपर्यंत रोजच हा प्रकार. अतिथी शिक्षकाची नेमणूक पुष्कळदा शाळा सुरू झाल्यावर केव्हातरी होते, आणि तोवर आमच्या भागात धो धो पाऊस लागलेला असतो. नव्या शिक्षकाला रस्ता, गाव, मुले समजेपर्यंत पहिली चाचणी येते.

गेल्या पावसाळ्यात एका सहीसाठी मी वर्गाच्या दारात थांबले होते. तिसरीतला एक मुलगा त्रेचाळीसमधून सतरा वजा करत होता. तीनातून सात जात नाहीत म्हणून तो सातातूनच तीन वजा करून मोकळा झाला. बाई त्याच्याशेजारी खाली बसल्या, दहा-दहा काड्यांच्या चार जुड्या आणि तीन सुट्ट्या काड्या मांडल्या. "आता एक जुडी सोड बघू," एवढे म्हणाल्या आणि फोन वाजला. कसली तरी माहिती दुपारच्या आत पाठवायची होती, तीही कानडीत, ठराविक तक्त्यात. रेंज मिळावी म्हणून बाई व्हरांड्याच्या टोकाला गेल्या. त्या परतल्या तेव्हा मुलाच्या पाटीवर सव्वीस हे बरोबर उत्तर होते. शेजारणीचे बघून लिहिलेले. जुडी तशीच बांधलेली होती. बाईंच्या ते लक्षात आले, त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा खाली बसल्या. तेवढ्यात पोषण आहाराची वेळ झाली.

आहाराची योजना चांगली आहे, ती बंद व्हावी असे मी चुकूनही म्हणणार नाही. 2024 पासून आठवड्याचे सहाही दिवस अंडे मिळते, न खाणाऱ्यांना केळे मिळते, शिवाय दूध. आमच्या गवळीवाड्यांतल्या आणि मजुरांच्या मुलांना त्याची किती गरज आहे हे आम्ही बायका जाणतो. पण अंडी आणायची कोणी, तर मुख्याध्यापकांनी. दुकानदाराचा भाव ठरीव रकमेच्या वर गेला तर वरचे पैसे कोणाच्या खिशातून जातात, हे प्रत्येक गावाने आपल्या शाळेत एकदा विचारावे. रोज किती मुलांनी खाल्ले याची नोंद करायची ती वेगळीच.

शिवाय सर्वेक्षणे असतात, मतदार यादीचे काम असते. 2025च्या दसऱ्यात राज्यभर शिक्षकांना सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षणावर पाठवले आणि त्यासाठी शाळांची सुट्टी 18 ऑक्टोबरपर्यंत वाढवावी लागली. शिक्षण हक्क कायद्याच्या 27 व्या कलमात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामाला शिक्षकांना लावू नये असे स्पष्ट म्हटले आहे. हे कलम आता पालकांनी वाचायला हवे.

या सगळ्याचा माणसावर काय परिणाम होतो? झोप लागत नाही, छातीत धडधडते, मुलांवर विनाकारण ओरडले जाते आणि मग त्याचेच वाईट वाटत राहते. हे मला एकाहून अधिक शिक्षकांनी सांगितले आहे, आणि प्रत्येकाने "कुठे बोलू नका" असे बजावले आहे. आपल्याकडे असे काही बोलले की लोक 'डोक्यावर परिणाम झाला' म्हणून मोकळे होतात. म्हणून मुद्दाम सांगते, सरकारची टेलिमानस ही फोनसेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र आणि मोफत आहे. बेंगळुरूची निम्हान्स ही संस्था तिच्या केंद्रस्थानी आहे. शिक्षकांनी, आणि दहावीच्या ताणाखाली असलेल्या मुलांनीही, तिथे फोन करायला अजिबात कचरू नये. पण नुसत्या फोनने भागणार नाही. कामाचा बोजा आहे तेवढाच राहिला तर समुपदेशनाने रात्रीची झोप मिळेल, वर्गातला वेळ मिळणार नाही.

भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय व्हावी, हे घटनेच्या 350-अ कलमात 1956 पासून आहे. कानडी शिकायला आमचा विरोध नाही, नोकरीधंद्याला ती लागतेच आणि मुले ती आवडीने शिकतात. पण मराठी शाळेची पाटी लावून आत शिकवायला माणूस मोकळा नसेल तर ती सोय झाली असे कसे म्हणायचे? मग आईबाप कर्ज काढतात आणि मुलाला खासगी शाळेच्या गाडीत बसवतात. त्यांना दोष देणे मला जमत नाही.

शिक्षण खात्याकडे मागणे एवढेच: मराठी माध्यमाच्या रिकाम्या जागांवर अतिथी शिक्षक शाळा उघडण्याच्या दिवशी हजर असावेत, त्यांचे मानधन थकू नये, आणि चार-पाच शाळांमिळून माहिती भरायला एक कारकून मिळावा. फोनवरून मागवायची माहिती शाळा सुटल्यावर मागवावी, याला तर पैसाही लागत नाही.

गावाच्या हातातलेही काही आहे. अंडी-केळी आणण्याचे काम समितीतल्या पालकांनी पाळीपाळीने घेतले तर मुख्याध्यापकांचा आठवड्यातला बराच वेळ वाचेल; आमच्या समितीच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. एप्रिलमध्ये प्रत्येक गावाने आपल्या शाळेतल्या रिकाम्या जागा लेखी कळवून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून पोच घ्यावी, आणि त्या पोचेची एक प्रत आपल्या वृत्तपत्राकडे पाठवावी. आपण ती यादी मे महिन्यात छापाल, अशी विनंती आहे.

आपली,
एक पालक व शाळा सुधारणा समिती सदस्य
जांबोटी परिसर, ता. खानापूर, जि. बेळगाव