आबा, व्हॉल्व्ह मीच खोलला

आई, आबा,

नमस्कार. आबांना डोळ्याचे थेंब सोडल्यावर मोबाईल बघू देऊ नका असं ताईनं सांगितलंय म्हणून हे पिंटूकडून वाचून घ्या, आणि पिंटू, मधलं गाळू नकोस, आबांना कळतं लगेच.

इकडं पाऊस लागून राहिलाय. पंचगंगा अजून ३९ फुटाच्या इशारा पातळीखाली आहे, राजाराम बंधाऱ्याची पातळी मी रोज बघते, त्यामुळं आईनं घराची काळजी करू नये. खालच्या कपाटातल्या साड्या तरीपण वर ठेवल्या आहेत, २०१९ सारखी धांदल नको. बेंदराला मातीचे बैल आणले, पुरणपोळी मात्र शेजारच्या काकूंनी दिली, माझ्याच्यानं काही झाली नाही.

तर आबा, तुम्ही फोनवर विचारलं होतं ना, "खोललास का सोताच्या हातानं, का नुसतीच उभी होतीस?" खोलला. चुन्याच्या लाइनवरचा, तीन इंची बॉल कंट्रोल व्हॉल्व्ह, आत आरपार भोकाचा गोळा फिरून उघडझाप करतो तो. कारखान्यात उसाच्या रसाला चुन्याची निवळी सोडून पीएच सातच्या आसपास ठेवतात ते तुम्हाला माहितीच आहे, ती निवळी किती सोडायची ते हा व्हॉल्व्ह ठरवतो, आणि सीझनभर चुना बसून बसून मार्चमध्ये तो अडखळायला लागला होता. म्हणजे सिग्नल पाठवला तरी जागचा हलायचा नाही आणि मग एकदम टुणकन उडायचा, पीएच तिकडं वर खाली.

लाइन दोन्हीकडून बंद केली, कुलपं घातली, ड्रेन काढला, पाइप कोरडा दिसला. मला वाटलं झालं. हेडफिटर मामा म्हणाले, आधी हवा देऊन अर्धा उघड. उघडला तर भसकन वाटीभर पांढरं पाणी बाहेर आलं! व्हॉल्व्ह बंद असताना गोळ्याच्या आत आणि बाजूच्या पोकळीत जे अडकतं ते ड्रेनमधून निघतच नाही. चष्मा होता म्हणून बरं. (आई, खरंच चष्मा होता.)

मग हवा काढली, स्प्रिंगनं तो परत बंद झाला, मग अॅक्च्युएटर, म्हणजे हवेवर व्हॉल्व्ह फिरवणारा वरचा डबा, उतरवला. त्याच्या टोप्या खोलायच्या नाहीत, आत दाबलेल्या स्प्रिंगा असतात, तो तसाच बाजूला ठेवला. उतरवायच्या आधी बॉडीवर, स्टेमवर (गोळा फिरवणारा दांडा), ब्रॅकेटवर पंचानं खुणा मारल्या, तुम्ही उद्यमनगरात इंजिनाचं हेड काढताना मारायचा तशा. आणि हो, बारदान पसरून त्यावर निघेल त्या ओळीनं एकेक पार्ट मांडला. पोरं हसली, म्हणाली मॅडमनी बाजार मांडला. हसू देत.

गोळा बंद पोझिशनलाच बाहेर येतो, कारण तेव्हाच वरची खाच पाइपच्या दिशेला असते आणि तो स्टेमच्या चपट्या टोकावरून सरळ सरकतो. मी आधी हातानं फिरवून उघडा करून ओढत बसले होते, अर्धा तास गेला त्यात. बाहेर काढला तर अंगावर चुन्याची खपली, जुन्या माठाला बसते तशी. स्क्रूड्रायव्हर लावायचा मोह झाला पण लाकडाच्या पट्टीनंच काढली, क्रोमवर एक ओरखडा गेला की नवीन टेफ्लॉनची सीट, म्हणजे गोळा ज्यावर टेकतो ती रिंग, पहिल्याच महिन्यात कापली जाते. पुसून झाल्यावर डोळे मिटून नख फिरवलं सगळीकडं, एका जागी किंचित अडकलं, ते पॉलिशनं गेलं. सीट दोन्ही बदलल्या. स्टेम आतल्या बाजूनं घालायचा असतो, म्हणजे प्रेशरनं तो उडून बाहेर येऊ शकत नाही, किती साधी अक्कल आहे बघा.

आता गंमत. जोडला, बॉडीचे बोल्ट समोरासमोरचे धरून तीन फेऱ्यांत आवळले, टेस्टला लावला, तर ग्लँडमधून, म्हणजे स्टेम बाहेर येतो तिथल्या पॅकिंगमधून, पाणी. मी अर्धा फेरा आवळलं, थांबेना, अजून आवळलं, थेंब कमी झाले पण स्टेम इतका जड झाला की दोन हातांनी फिरेना. मामा चहा पीत बघत होते, म्हणाले, "पाना हातात आला की माणूस आवळतच सुटतंय. खोल, आणि तोंडं बघ." ग्लँडमध्ये टेफ्लॉनच्या व्ही आकाराच्या रिंगा असतात, त्यांचं उघडं तोंड प्रेशरकडं, म्हणजे खाली पाहिजे, प्रेशर आलं की ओठ फाकून घट्ट बसतात. मी अख्खी थप्पी उलटी घातली होती. जुन्या रिंगा बारदानावर बरोबर पडल्या होत्या हो, मीच झाडू मारायला आलेल्या बाईला जागा देताना उचलून पालथ्या ठेवल्या आणि नवीन त्यांच्याकडं बघून घातल्या. लई लाज वाटली. नवीन सेट काढून सुलट घातला, नट हातानं टेकवून दोन्हीकडं सारखा पाव पाव फेरा, बास. एक थेंब नाही आणि स्टेम लोण्यासारखा.

मार्चमधलं अडखळणं पण निम्मं त्यामुळंच असणार असं माझं मत आहे, गळतंय म्हणून रात्रपाळीला कुणीतरी ग्लँड आवळून ठेवला असणार आणि आम्ही सगळे चुन्याला शिव्या देत बसलो.

काल अॅक्च्युएटर बसवून कॅलिब्रेशन केलं. सिग्नलचा करंट ४ मिलीअँपला बंद, १२ ला बरोबर ४५ अंश, २० ला पूर्ण उघडा. हवा तोडली की आपोआप बंद, म्हणजे लाइट गेली तरी रसात चुना ओतत राहणार नाही.

आई, बोटं दहाच्या दहा आहेत, डबा वेळेवर खाते, मामांच्या घरनं खर्डा येतो.

आबा, जुनी सीट टाकली नाही, तुमच्या पत्र्याच्या पेटीत वरच्या खणात ठेवलीय. आतल्या कडेला एक चर पडलीय. पट्टी निघाली की या, आणि नख फिरवून सांगा ती कशानं पडली असेल, माझं आणि मामांचं त्यावर अजून जमत नाहीये.

तुमची,
बेबी