माझ्या कोपराची उंची मोजणाऱ्या काकांना

प्रिय काका,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. पेजेला थांबा म्हटलं तर तेही थांबला नाहीत. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. घरच्या पडवीत लाकडाचं काम करणाऱ्या आणखी कुणाला तरी त्याचा उपयोग होईल.

सावंतवाडीला लाकडी खेळण्यांची परंपरा मोठी, पण आमच्या घरात हे काम करणारी मी पहिलीच. सेकंडहँड छोटा बँडसॉ, म्हणजे वर-खाली दोन चाकांवर पट्ट्यासारखं पातं फिरणारी करवत, घेतला आणि घरात होतं त्या टेबलावर ठेवला. टेबल ७६ सेंटिमीटर, त्यावर मशीनची बैठक, म्हणजे लाकूड ठेवून कापायची सपाट जागा, आणखी ३४. दोन महिन्यांत उजवा खांदा इतका धरला की रात्री कुशीवर वळता येईना. सगळे म्हणाले, सवय नाही, होईल हळूहळू. मीही तेच धरून चालले होते.

तुम्ही आलात ते पातं चाकांवरून सारखं का उतरतं ते बघायला. मशीनकडे न बघता म्हणालात, "आधी सरळ उभी ऱ्हव. हात खंय येतत ता बघूया." कामाच्या वेळी घालते त्याच चपला घालायला लावल्यात, हात खाली सोडून कोपरात वाकवायला सांगितलंत आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावलीत. ९७ सेंटिमीटर. मशीनची बैठक ११० वर. म्हणजे लाकूड ढकलताना माझे कोपर हवेत, खांदे कानांपाशी, आणि सगळा जोर खांद्यातून. असा जोर शेवटच्या इंचात आवरता येत नाही, कापा संपताच बोटं पात्याकडे जातात, हे तुम्ही प्लग काढून, बंद मशीनवर माझे हात धरून दाखवलंत. त्या क्षणी अंगावर काटा आला होता, काका. मी रोज तसंच कापत होते.

आणखी एक गोष्ट तुमच्यामुळेच कळली. मशीन इतकं वर असल्यामुळे पात्याला वरून सरळ धरणारा गाइड माझ्या नजरेच्या आड यायचा. पोपटाच्या चोचीची रेघ दिसावी म्हणून मी मान वाकडी करून बघायचे. कापा चुकायचा आणि मी दोष पात्याला द्यायचे.

लगेच स्टँड बनवायला घेतलं नाहीत, हे मला फार आवडलं. अंगणातले चिरे आणि जुन्या फळ्या रचून वर एक पाट ठेवलात आणि त्यावर पांगाऱ्याचा तुकडा वळवून बघायला लावलात. ८५ सेंटिमीटरवर मी पुढे वाकत होते, तोंड पात्याच्या जागेजवळ जात होतं. १०० वर खांदे पुन्हा चढले. बारीक वळणांना थोडी जास्त उंची बरी वाटते, जाड लाकूड रेटायला थोडी कमी. मी दोन्ही करते, म्हणून मधलं माप. आणि पायाखाली दीड सेंटिमीटरची रबरी चटई येणार असेल तर तीही धरायची, कारण चटईवर माणूस वर जातो, मशीन तिथेच राहतं. हे मला एकटीला कधीच सुचलं नसतं.

स्टँड तुम्ही ऐनाच्या जुन्या वाशांचं केलंत, ६० सेंटिमीटरचं. पाय खाली बाहेरच्या बाजूला फाकवले, कारण या मशीनचं बूड अरुंद आणि वजन वर. पडवीला पावसाच्या पाण्यासाठी उतार आहे, त्यामुळे चारही पायांची लांबी लेव्हल ठेवून वेगवेगळी काढलीत. मशीन बोल्टने घट्ट आवळलंत, मधे रबर. पुढचा काठ असा ठेवलात की खालच्या चाकाचं दार पूर्ण उघडतं, नाहीतर पातं बदलायला दर वेळी मशीन सोडवावं लागलं असतं. पात्याचा ताण देणारी मूठही आता हाताशी आली. आधी स्टुलावर चढावं लागत होतं, म्हणून काम संपल्यावर ताण सैल करायचा मी कंटाळा करायचे.

मग म्हणालात, पंधरा दिवस काम कर, मग सांग. दोन सेंटिमीटर तुम्ही मुद्दाम जास्त ठेवले होते. जाड फळी रेटताना मनगट भरून येतं असं मी सांगितलं, तेव्हा तुम्ही भर पावसात आलात आणि चारही पाय दोन-दोन सेंटिमीटर कापलेत. आता बैठक ९२ वर आहे. गेल्या महिन्यात मी हत्तींचा अख्खा घाणा एका दुपारी कापला आणि रात्री शांत झोपले.

आता मला कुणी विचारलं की कुठलं मशीन घेऊ, तर मी आधी टेप आणायला सांगते.

चटईच्या बाजूला, खिडकीपाशी, तुमच्यासाठी स्टूल ठेवलं आहे. खालच्या चाकाचा रबरी टायर झिजला आहे, नवा आणून ठेवला आहे. तो मीच बसवणार आहे, पण तुम्ही समोर असताना. पाऊस उघडला की या. या वेळी पेज घेतल्याशिवाय सोडणार नाही.

तुमची,
पडवीतली खेळणीवाली