विषय : कागद न धरणाऱ्या यू-क्लिपा आणि डब्यावरची थाप

व्यवस्थापक,

आज सकाळी तुमच्या ग्राहक सेवेशी चौथ्यांदा बोलणे झाले, म्हणून आता लेखी.

सोसायटीच्या वार्षिक सभेसाठी तुमच्या यू-क्लिपांचे तीन डबे घेतले. बारा कागदांना क्लिप लावली की ती जी उघडते ती उघडीच राहते. पोलादी तार थोडी वाकून परत मिटू पाहते, त्याच जोरावर कागद धरला जातो, हे तुम्हाला मी सांगायचे? तुमची तार वाकली की वाकली. शिवाय गंज. ताळेबंदावर क्लिपेची तांबडी आकृती उमटली आहे, सभासद विचारतात हा शिक्का कुठला.

आता आजचे संभाषण. ‘काका, छोटा वेढा पुढे ठेवता की मागे?’ मी बत्तीस वर्षे कारकुनी केली आहे, हे सांगितले. ‘तरी पण एकदा बघा ना,’ म्हणत त्यांनी क्लिप कशी लावावी याचा व्हिडिओ पाठवला. पाहिला. त्यातलीही क्लिप शेवटी उघडीच राहिली! हे सांगितल्यावर उत्तर : ‘काका, ओरिजिनल डिझाइनच तसे आहे. नॉर्वेचे. डब्यावर लिहिलेय.’

लिहिले आहे खरे : ‘योहान वॉलेर यांचे १८९९ चे मूळ डिझाइन’. वॉलेर यांच्या क्लिपेला आतला वेढाच नव्हता, आणि ती बाजारात कधी आली नाही. तुमच्या डब्यात आहे ती जेम नावाची, आतला वेढा असलेली क्लिप. ती त्याआधीपासून विकली जात होती. १८९९ मध्येच अमेरिकेत वॉटरबरीच्या विल्यम मिडलब्रुक यांनी पेटंट घेतले, तेही ती वळवणाऱ्या यंत्राचे. नॉर्वेनेही १९९९ च्या टपाल तिकिटावर वॉलेर यांच्या नावाने जेमच छापली. पण त्यांनी ती मला साठ रुपये डब्याने विकली नाही. तुमचे डिझाइन वॉलेर यांचे नाही आणि तार कुणाच्याच लायकीची नाही.

वाईट याचे वाटते की तुमचीच १९९४ सालची क्लिप माझ्या शिधापत्रिकेच्या झेरॉक्सला अजून घट्ट आहे. गंज नाही. (यांना गंज आहे, हे वर लिहिलेच.)

पंधरा दिवसांत तिन्ही डब्यांचे पैसे परत करा आणि डब्यावरचे ते वाक्य काढा. एकशे ऐंशी रुपयांसाठी कोण ग्राहक आयोगात जातो, असे वाटत असेल तर माझी तुमची अजून ओळख झालेली नाही.

सोबत बिलाची प्रत आणि दोन क्लिपा. कागद टाचणीने लावले आहेत.

एक जुना ग्राहक