सुदानच्या उधारीपोटी पाचशे दप्तरं

शिवणे, उत्तमनगर, कोंढवे-धावडे आणि वारजे इथल्या सर्व रहिवाशांना सप्रेम नमस्कार. दक्षिण सुदानमधल्या शाळकरी मुलांसाठी आम्ही वह्या-पेन्सिलींनी भरलेली पाचशे दप्तरं पाठवणार आहोत, त्यात तुमचा हातभार हवा म्हणून हे पत्र. सुदानच का, ते आधी सांगतो.

ज्या घरातलं कुणीच कधी एनडीएत, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, कामाला नव्हतं, असं घर आपल्या भागात शोधावं लागेल. कुणी मेसमध्ये, कुणी घोड्यांच्या तबेल्यात, कुणी एमईएसमध्ये, म्हणजे लष्कराच्या बांधकाम खात्यात. त्यामुळे ‘सुदान ब्लॉक’ हे नाव आपल्या तोंडी अगदी सहज येतं. एनडीएचा फोटो म्हटला की कमानी आणि घुमट असलेली जी लाल दगडाची इमारत दिसते, तीच ही. पण नाव सुदान का, असं विचारलं की बहुतेकांची विकेट पडते. मी स्वतः शाळेत असताना सुदान हे कुणा इंग्रज साहेबाचं आडनाव असणार असंच समजत होतो. पुढे खडकीला सॅपर म्हणून, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलात, भरती झालो, तेव्हा तिथल्या उस्तादांनी खरी गोष्ट सांगितली.

गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली. पूर्व आफ्रिकेत इटालियन फौजा सुदानच्या सीमेपर्यंत येऊन ठेपल्या होत्या. त्यांना मागे रेटण्यात भारतीय पलटणींचा मोठा वाटा होता. मार्च १९४१ मध्ये केरेनचे (आजच्या इरिट्रियातले) उभे डोंगर लढत चढून जाणाऱ्यांत मराठा पलटण होती. आणि त्याच्या साधारण महिनाभर आधी, सुदानच्या सीमेवरच्या गल्लाबातच्या पुढे इथिओपियातल्या गोंदरकडे जाणाऱ्या वाटेवर, आमच्या सॅपर्सपैकी सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत सुरुंग काढत पुढे चालले होते. चार दिवसांत ५५ मैल रस्ता, १५ ठिकाणी पेरलेले सुरुंग. दोनदा त्यांची गाडी सुरुंगावर उडाली, बरोबरची माणसं गेली, एका कानाचा पडदा फाटला. बदली माणूस देतो म्हटलं तर नको म्हणाले. त्या युद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी. खडकीत रिक्रूटला ही गोष्ट इतक्या वेळा ऐकवतात की परेड चुकली तर चालेल, पण भगत साहेबांचे ५५ मैल चुकता कामा नयेत.

या सगळ्याची जाण ठेवून सुदान सरकारने व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्याकडे एक लाख पौंड दिले, भारतीय जवानांचं स्मारक उभारण्यासाठी. स्मारक म्हणून पुतळा किंवा खांब उभा करण्याऐवजी तिन्ही दलांची मिळून एक प्रबोधिनी काढावी असं ठरलं. मध्येच फाळणी झाली. एक लाखातले ३० हजार पौंड पाकिस्तानकडे गेले, ७० हजार आपल्याकडे राहिले. खडकवासल्यात ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी कोनशिला बसवली आणि ३० मे १९५९ रोजी सुदानच्या राजदूतांच्या हस्ते सुदान ब्लॉकचं उद्घाटन झालं. म्हणजे आपल्या दाराशी जी एवढी मोठी वास्तू उभी आहे, तिच्यात नाईलकाठच्या माणसांचा पैसा आहे. ज्या देशात त्या काळी धड रस्ते नव्हते, त्या देशाचा.

आता तिकडची स्थिती. ९ जुलै २०११ रोजी सुदानचे दोन देश झाले. दक्षिण सुदानमध्ये दोन-अडीच वर्षांतच, डिसेंबर २०१३ मध्ये, यादवी पेटली. उत्तरेकडच्या सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ पासून दोन सेनापतींचं युद्ध चालू झालं आणि तिथून दहा लाखांहून जास्त माणसं दक्षिणेत उतरली, जिथे आधीच खायचे वांधे. सुदानने पैसे दिले तेव्हा हा सगळा एकच मुलूख होता, त्यामुळे उधारी नेमकी कुणाची याचा कीस आम्ही काढलेला नाही. दक्षिण सुदानमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आपले जवान आहेत, सामान तिथवर पोहोचू शकतं, म्हणून तिथे पाठवायचं.

शांतिसेना हा काही आपल्याला नवा प्रकार नाही. आत्तापर्यंत दोन लाखांहून जास्त भारतीय जवानांनी निळी टोपी घातली आहे. एनडीएतून बाहेर पडलेल्यांपैकी पहिलं परमवीर चक्र कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना मरणोत्तर मिळालं, तेही शांतिसेनेतच, ५ डिसेंबर १९६१ रोजी कांगोमध्ये गाजवलेल्या पराक्रमासाठी. अलीकडचं उदाहरण मेजर राधिका सेन यांचं. कांगोत असताना त्यांनी इतर कामांबरोबर मुलांचे इंग्रजीचे वर्ग चालवले आणि २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांना पुरस्कार दिला. तेव्हा ‘फौजी माणसाचा आणि वही-पेन्सिलीचा काय संबंध’ असं कुणी विचारलं, तर हा आहे.

मीही दक्षिण सुदानमध्ये शांतिसेनेत होतो, माझी तुकडी मलाकालला होती. पांढऱ्या नाईलच्या काठचं हे शहर. यादवीत ते इतक्या वेळा या हातातून त्या हातात गेलं की धड छप्पर असलेलं घर दिसलं तर आम्ही एकमेकांना दाखवायचो. संयुक्त राष्ट्रांच्या तळाला लागूनच हजारो कुटुंबं पालं टाकून राहत होती. एक शाळा कडुनिंबाखाली भरायची. हो, आपलाच कडुनिंब, इथूनच कधीकाळी तिकडे गेलेला. खोडाला खिळ्यांनी ठोकलेला फळा. बसायला प्रत्येक पोराने घरून आणलेला रिकामा प्लास्टिकचा डबा, शाळा सुटली की त्यातच पाणी भरून घरी न्यायचं.

हेडमास्तर सकाळी ब्लेडने पेन्सिली कापत बसायचे. एका पेन्सिलीचे तीन तुकडे. पोरांमध्ये भांडण कुठल्या तुकड्यावरून, तर मागच्या. कारण त्या टोकाला लाल-काळा रंग पूर्ण असतो, ती ‘खरी’ पेन्सिल वाटते. पेन्सिल आपली नटराजच होती. एका मुलीने तिचा तुकडा इतका झिजवला होता की धरायला जागा उरली नव्हती, म्हणून तिने बोरूसारखी पोकळ काडी घेऊन त्यात तो खुपसला होता. वह्यांचंही तेच. मधली टाचणी काढायची, पानं दोन मुलांत वाटायची, सुई-दोऱ्याने शिवायची. माझी आई माझ्या जुन्या वह्यांची उरलेली कोरी पानं अशीच शिवून द्यायची, दाभणाने. त्या शिवणीकडे पाहून मला जे वाटलं ते इथे लिहीत बसत नाही.

तर आमचं मागणं असं. एनडीए रस्त्यालगत राहणारे आम्ही काही माजी सैनिक आणि रहिवासी मिळून पाचशे दप्तरं भरून पाठवणार आहोत. एका दप्तरात शंभर पानी सहा वह्या (दोन एकरेघी, दोन चाररेघी, दोन चौकटी), पाच पेन्सिली, दोन खोडरबर, एक गिरमिट, एक पट्टी, दोन निळी बॉलपेनं आणि रंगीत पेन्सिलींची एक छोटी डबी. चाररेघी मुद्दाम, कारण तिथे शिक्षण इंग्रजीतून आहे. मोठ्या मुलींच्या दप्तरात कापडी पॅडचा एक संच जाईल. त्या चार दिवसांत मुली शाळेत येत नाहीत, आणि मग हळूहळू येणंच थांबतं. हे पॅड आपल्याच भागातल्या बचत गटाच्या ताई शिवून देणार आहेत. दप्तरंही त्याच शिवतील, जाड चादरी आणि पडद्याच्या कापडातून. घरात चांगल्या स्थितीतलं असं कापड असेल तर धुऊन, इस्त्री न करता आणून द्या.

आता काय देऊ नये ते. हे जरा मोकळेपणानेच लिहितो, कारण मागच्या खेपेला हात पोळले आहेत. त्या वेळी आम्ही नुसतं ‘शालेय साहित्य द्या’ एवढंच म्हटलं होतं. आलेल्या सामानातलं निम्मं आम्ही रद्दीवाल्याला दिलं. अर्ध्या लिहिलेल्या वह्या आल्या, टोपण नसलेली स्केचपेनं आली, मराठी माध्यमाचे सातवीचे प्रश्नसंच आले, आणि एका सद्गृहस्थांनी २०११ सालच्या डायऱ्यांचा गठ्ठा आणून ठेवला. भावना पोचली. पण नाईलकाठच्या पोराला आपल्या अडगळीचं काय करायचं? वस्तू नवीच हवी. स्वतःच्या नातवाच्या दप्तरात घालाल अशी.

मेणाचे खडू नकोत. मार्च २०२४ मध्ये तिथे पारा ४५ अंशांवर जाणार म्हणून सरकारने देशभरच्या शाळा बंद ठेवल्या होत्या. त्या उन्हात खडूंचा लगदा होऊन सगळं दप्तर बरबाद होतं. जेलपेन आणि शाईपेनही नको. कर्कटक, कंपास, कटर अशी टोकदार वस्तू नको. खेळण्यातली बंदूक तर नकोच नको. आणि लष्करी छापाचं, म्हणजे हिरव्या-मातकट ठिपक्यांचं कापड अजिबात नको. इकडे पोरं ते हौसेने घालतात. तिकडे लहान मुलांच्या हातात बंदुका दिल्या गेल्या आहेत, आणि त्या छापाचं दप्तर पाठीवर असलेल्या पोराला लांबून कुणी काय समजेल याचा नेम नाही.

शेवटचं आणि नाजूक. दर जूनमध्ये आपल्याकडे माननीयांचा हसरा फोटो छापलेल्या वह्यांचं वाटप होतं. त्या वह्यांचा कागद पुष्कळदा उत्तम असतो, हे मान्य. पण शांतिसेना कुणाच्याच बाजूची नसते, आणि तिच्या हातून कुठल्या पुढाऱ्याचा, पक्षाचा, देवाचा किंवा झेंड्याचा छाप जाऊ शकत नाही. कव्हर कोरं किंवा फुलापानांचं असावं. कुणी भाऊ, दादा, अण्णा पाचशे वह्या द्यायला तयार असतील तर जरूर द्याव्यात, फोटो मात्र घरीच ठेवावा. आमच्या गटाचंही नाव कुठल्याच वस्तूवर नसेल. हा मुद्दा आमच्या बैठकीत सगळ्यात जास्त वेळ चालला, एवढं सांगितलं की पुरे.

सामान जाणार कसं, हे विचारणं तुमचा हक्क आहे. मिशनवर निघणाऱ्या एका तुकडीच्या कमांडिंग ऑफिसरांनी ते आपल्या सामानाबरोबर न्यायला परवानगी दिली आहे. सामानाचं वजन आणि जागा मोजून दिलेली असते, म्हणून एक दप्तर दीड किलोच्या वर जाता कामा नये. आम्ही काट्यावर ठेवूनच बंद करणार आहोत. प्रत्येक पन्नास दप्तरांमागे एक पत्र्याची ट्रंक, कारण तिथली वाळवी वह्यांचा गठ्ठा बघता बघता संपवते. तिथे पोचल्यावर नागरी संपर्काचं काम पाहणारे अधिकारी शाळा ठरवतील आणि माल हेडमास्तरांच्या ताब्यात जाईल, सहीनिशी. जवान गाडी थांबवून रस्त्यावर वाटप करणार नाहीत. तसं करू नये हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं जातं. एकदा एका गाडीतून बिस्किटाचा पुडा मिळाला की पोरं पुढच्या प्रत्येक गाडीमागे धावतात, चाकाखाली येतात. त्यामुळे मुलांच्या हातात दप्तर आणि बाजूला जवान, असे फोटोही मागू नका. हेडमास्तरांच्या सहीचा कागद येईल, तो आम्ही सूचना फलकावर लावू.

रोख पैसे आम्ही घेणार नाही. एक तर देशाबाहेरच्या कामावर खर्च करायला धर्मादाय संस्थांनाही आयकर खात्याची खास परवानगी लागते, आणि आम्ही तर नोंदणीकृत संस्थाही नाही. दुसरं, पैसा आला की हिशेब आला, हिशेब आला की भांडण आलं. ज्यांना वस्तू आणायला जमत नाही त्यांनी आमच्याकडून यादी घ्यावी. अप्पा बळवंत चौकातल्या एका घाऊक विक्रेत्याशी आम्ही बोलून ठेवलं आहे. पैसे थेट दुकानात द्या, बिल तुमच्या नावावर घ्या, माल आमचा माणूस उचलून आणेल. सोसायट्यांनी मिळून एकेक वस्तू उचलली तर सगळ्यात सोपं. एकीने सगळ्या पट्ट्या, दुसरीने सगळे खोडरबर.

वेळेचं गणित कडक आहे. मलाकालकडची जमीन आपल्या मराठवाड्यासारखीच, काळी आणि चिकट. पाऊस लागला की गाडी जागची हलत नाही, मग महिनोन्‌महिने जड सामान हलवायचं नाव नको. नोव्हेंबरपासून रस्ते सुकतात आणि शाळेचं वर्ष साधारण फेब्रुवारीत सुरू होतं. या दोन्हींच्या मध्ये दप्तरं पोचायला हवीत. म्हणून अनंत चतुर्दशीनंतरच्या पहिल्या रविवारपासून वस्तू घ्यायला सुरुवात करू आणि दिवाळीच्या आधीच्या रविवारी रात्री ट्रंकांना कुलूप लावू. रोज संध्याकाळी ६ ते ८ या वेळेत मारुती मंदिराच्या सभागृहात आमच्यापैकी दोघं बसलेले असतील. दप्तरं भरायला शनिवार-रविवारी माणसं हवी आहेत. आठवी-नववीची मुलं आली तर उत्तमच, मोजणीत ती आपल्यापेक्षा पक्की असतात.

‘आपल्याकडे गरीब मुलं नाहीत का?’ हा प्रश्न येणार हे ठाऊक आहे, आणि प्रश्न चूक नाही. ज्यांना तसं वाटतं त्यांनी सभागृहात दुसरा खोका ठेवलेला असेल त्यात वस्तू टाकाव्यात. तो आपल्या भागातल्या सरकारी शाळांसाठी आहे. ट्रंकांना कुलूप लागल्यानंतर जे येईल तेही त्यातच जाईल. मराठी प्रश्नसंच आणि माननीयांच्या वह्याही तिथे चालतील.

आपले,
एनडीए रस्ता परिसरातील माजी सैनिक व रहिवासी