पिमलिमॉनच्या गवतातून

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर गडबडीत नीट सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. वेल्समधल्या पिमलिमॉन डोंगरावर जाऊन आले. बाबा, काळजी नको. ऑफिसातल्या दोघी बरोबर होत्या आणि हवा स्वच्छ होती.

उंची 752 मीटर, कळसूबाईच्या निम्मीही नाही. कडे नाहीत, किल्ला नाही, वर झाडसुद्धा नाही. नजर जाईल तिथवर गवत, तेही मे महिन्यात वाळलेल्या पेंढ्यासारखं पिवळं. मध्येच मेंढ्या, आणि डोक्यावर न दिसणारा चंडोल सारखा गात असतो. जमीन मात्र सगळी पाणथळ. लालसर शेवाळाचा एक गोळा मुठीत धरून दाबला, तर बोटांमधून पाण्याची धार लागली! पावसाचं पाणी हा डोंगर असाच धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो.

सेव्हर्न आणि वाय या दोन्ही नद्या इथेच उगम पावतात. उगमाशी पाण्याची रेघ इतकी बारीक की ओलांडायला ढांगही टाकावी लागत नाही. सेव्हर्न पुढे 354 किलोमीटर वळसा घेते आणि पार समुद्राच्या तोंडाशी वाय तिला येऊन मिळते. तिसरी ऱ्हायडॉल पश्चिमेला उतरते ती थेट ॲबरिस्टविथच्या किनाऱ्याला. महाबळेश्वरला तुम्ही मला कृष्णा आणि सावित्रीच्या वाटा दाखवल्या होत्या, त्याची फार आठवण झाली. तुमच्या पाटबंधारे खात्यातल्या मित्रांनाही हे सांगा: इथे 1960च्या दशकाच्या अखेरीपासून वर्षानुवर्षं पाणी मोजलं गेलं. सेव्हर्नच्या बाजूला लावलेलं सूचिपर्णी जंगल, वायच्या बाजूला गवत. जंगलाच्या बाजूने पाणी कमी वाहतं असं निघालं, कारण फांद्यांवर अडलेला बराचसा पाऊस तिथूनच वाफ होऊन जातो.

आई, आता तुझ्यासाठी. माथ्यावरून नान्त-अ-मोख धरण दिसतं. 1964 सालचं, वीज तयार करण्यासाठी बांधलेलं. त्या पाण्याखाली एक चॅपल आणि काही शेतघरं गेली आहेत. बरोबरच्या मुलीने हे सांगितलं आणि मला कोयनेखाली गेलेलं तुझं आजोळ आठवलं. मी तिथेच बसून राहिले. तुझ्या तोंडून त्या गावाबद्दल इतकं ऐकलंय, पण लिहून काहीच ठेवलेलं नाही. कुणाचं घर कुठे होतं, नदीवर जायची वाट कुठून होती, देव कुठे हलवले, हे सगळं रविवारी मला सांगशील? मी लिहून घेईन. मावशीलाही विचारून ठेव.

बाबा, गुडघ्यामुळे डोंगर चढता येणार नाही, पण ॲबरिस्टविथहून ऱ्हायडॉलच्या खोऱ्यातून वाफेच्या इंजिनाची छोटी रेल्वे जाते, 1902 सालापासूनची. पुढच्या मेमध्ये दोघं या. तिकिटांचं मी बघते, तुम्ही फक्त पासपोर्टची मुदत तपासून कळवा.

तुमची,
मनू